पेडणेकर गुरुजींची सात मिनिटं

प्रिय रेवा आणि ईशान,

गेल्या रविवारी तुम्ही दोघांनी फोनवर माझ्याकडे तुमच्या आईची तक्रार केलीत. रोज जेवणाआधी ती गॅस बंद करते, फोन पालथा घालून ठेवते आणि दहा मिनिटं तुमच्यासमोर नुसती बसते. तुम्ही वाचता तेव्हा ती वहीत बघत नाही, भिंतीकडे बघते, आणि तरी तुमची चूक तिला बरोबर कळते. "आजी, हे तिनं कुठून आणलं?" असं रेवानं विचारलं. आईला विचारलंत तर ती म्हणाली, आजीला विचारा. म्हणून लिहायला बसले आहे. फोनवरच सांगितलं असतं, पण मी सांगायला लागले की ईशान पाणी प्यायला उठतो, ते मला इथून दिसतं. शिवाय मी शहात्तर वर्षांची आहे आणि नावं विसरायला लागले आहे. पेडणेकर गुरुजींचं पहिलं नाव तर मला तेव्हाही माहीत नव्हतं. बाकीचं जाण्याआधी कागदावर ठेवते. हे तुम्हीच आईला वाचून दाखवा. एखादी ओळ गाळलीत तर ती पकडेल.

गुरुजी आमच्या गावच्या चौथीपर्यंतच्या शाळेत होते. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. लग्न होऊन मी मुंबईहून या गावात आले ती इंग्रजीची पदवी, एक ट्रंक पुस्तकं आणि याद्या करण्याची सवय घेऊन. त्यालाही तेव्हा दहा वर्षं झाली होती. तुमचे आजोबा मालवणला कचेरीत जात. तुमची आई, म्हणजे आमची मंजू, चौथीत होती. पाचवीपासूनची शाळा आचऱ्याला, चालत पाऊण तास.

शाळा म्हणजे एक कौलारू खोली आणि तिला लागून पडवी. शिक्षकांच्या जागा दोन होत्या. जूनमध्ये एका बाईंची बदली झाली आणि ती जागा रिकामी राहिली ती राहिलीच. तेव्हा पहिली-दुसरी पडवीत, तिसरी-चौथी आत, आणि गुरुजी मधल्या दारात. दारात तरी कसले, ते कुठेच नसत. पडवीत मुळाक्षरं म्हणायला लावून आत येत, आत एक गणित फळ्यावर टाकून पुन्हा पडवीत. उंच, वाळलेला माणूस. शर्टाच्या खिशात खडूचे तुकडे, त्यामुळे छातीवर कायम एक पांढरा डाग. डाव्या हातात गजराचं घड्याळ, काच तडकलेली. ते घड्याळ टेबलावर ठेवायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलं नसावं. शाळेत एक खुर्ची होती, तिच्यावर पाण्याची कळशी असे. दुपारी ते भाकरीची सुरळी करून चालता चालता खात. पहिलीतल्या मुलांची अशी समजूत होती की गुरुजींचे गुडघे वाकतच नाहीत.

"मिनिट गेला!" हे त्यांचं पालुपद. कोणाची पेन्सिल पडली, मिनिट गेला. बकरी आत शिरली, मिनिट गेला. एकदा तपासणीला साहेब आले आणि शिस्तीबद्दल बोलत राहिले. गुरुजी घड्याळ घेऊन भिंतीशी उभे. साहेबांचं संपल्यावर म्हणाले, "साहेब, अठरा मिन्टां गेली." साहेब हसले. गुरुजी हसले नाहीत. त्या वर्षीच्या शेऱ्यात त्यांच्याविषयी काय लिहिलं असेल ते तुम्ही ताडू शकता.

मला ते आवडत नव्हते, हे आधीच सांगून टाकते. मला नीटनेटकं काम आवडतं आणि हा माणूस कायम पळत असे. त्यात मंजूनं एक दिवस सांगितलं की आठ दिवसांत गुरुजींनी तिचं वाचन एकदाही घेतलं नाही. मी शाळेत गेले.

"नाही घेतलं," गुरुजी म्हणाले. माझ्याशी ते शहरी मराठी बोलत.

"का?"

"तिची मिनिटं मी दुसऱ्या मुलीला देतो."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काही चुकलं. त्यांनी खिशातला खडू काढला आणि दाराच्या चौकटीवरच हिशेब मांडला. प्रार्थना, हजेरी, मधली सुट्टी वजा जाता पाच तास. मिनिटं तीनशे. मुलं चव्वेचाळीस. "एकाच्या वाट्याला सात मिनिटंसुद्धा पूर्ण येत नाहीत. आपण सात धरू, उदार होऊन. मंजू घरी आल्यावर तुम्ही तिच्याजवळ बसता?"

"रोज. दीड तास."

"म्हणजे तिला घरी माझ्यासारखे बारा-तेरा गुरुजी आहेत. वासंतीला मी सोडून कोणी नाही. म्हणून मंजूची सात वासंतीला."

"हे तुम्ही मला विचारून करायला हवं होतं."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, वैनी," असं म्हणून ते पडवीत गेलेसुद्धा.

मी घरी येऊन वरच्या साहेबांच्या नावे तक्रारअर्ज लिहिला. इंग्रजीत, मुद्दे क्रमवार. तिसऱ्या मुद्द्यावर मुलीकडे शाळेत अजिबात लक्ष दिलं जात नाही, असं लिहीत होते. माझ्या खांद्यामागे उभी राहून मंजू तेच वाक्य अडखळत, पण इंग्रजीत, मोठ्यानं वाचत होती. अर्ज मी फाडला. राग मात्र बरेच दिवस गेला नाही. आपल्या मुलीचं कोणीतरी न विचारता उचलून दुसरीला दिलं, ही गोष्ट बरोबर असली तरी गिळायला वेळ लागतो.

वासंती म्हणजे आमच्या मागच्या वाडीतल्या बाबीची थोरली. बाबी आणि सरू, नवरा-बायको, भाताची शेती आणि थोडे काजू. दोघांनाही अक्षरओळख नव्हती. वासंती चौथीत असूनही तिला वाचता येत नव्हतं. मुलं वाचायला लागली की तीही ओठ हलवी, आणि चव्वेचाळीस मुलांत ते गुरुजींच्या लक्षात येईपर्यंत खपून गेलं.

घरी ते उघडकीला आलं ते एका पत्रामुळे. बाबीचा भाऊ मुंबईला होता. त्यानं कळवलं होतं की अमक्या दिवशी येतो, सामान आहे, बैलगाडी घेऊन फाट्यावर ये. बाबीनं पत्र वासंतीपुढे धरलं. तिनं बराच वेळ बघून सांगितलं, "काका बरो आसा म्हणता." भाऊ आला, फाट्यावर कोणी नाही. दोन मैल डोक्यावर ट्रंक घेऊन चालत घरी पोचला आणि दारातूनच ओरडायला लागला.

दुसऱ्या दिवशी बाबी ते पत्र घेऊन शाळेत. मी मंजूचा विसरलेला डबा द्यायला गेले होते, म्हणून हे मी स्वतः पाहिलं.

"गुरुजी, चार वर्सां झाली! चार वर्सां माजा चेडू हयसर येता. तुमी तिका शिकवलास काय? गावभर माजी शोभा झाली!" चेडू म्हणजे मुलगी, हे तुम्हाला सांगून ठेवते.

"बाबी, वैनींकडून वाचून घेतलं असतंस तर..." मीच मध्ये बोलले.

"घरात चौथीतला चेडू असताना दुसऱ्याच्या दारात पत्र घेवन कित्याक जाव, वैनी?"

गुरुजींनी घड्याळ त्याच्या हातात दिलं.

"बाबी, तू रोज शेतात किती वेळ असतंस?"

"उजाडल्यापासून."

"उद्यापासून सात मिन्टां जा. सात मिन्टां झाली की घराक ये. बघूया भात किती पिकता ता."

"मस्करी करतास?"

"नाय रे. तुज्या चेडवाच्या वाटणेक माजी सात मिन्टां येतत. मी चोरून-मारून चवदा देतंय. त्येच्यार ह्या इतक्याच पिकता. उरलेली तुका देवची लागतली. सांजवेळी तिच्या बाजूक बस."

बाबीचा आवाज एकदम खाली आला. "मी बसान काय करू? माका खंय अक्षर येता?"

गुरुजींनी मिनिट गेल्याचंही म्हटलं नाही. बाबीनं घड्याळ परत दिलं. "आयका. शिमगो होवन परीक्षा येतली. तवसर माज्या भावाचा पत्र तिना माज्यासमोर वाचून दाखवला, तर तिका आचऱ्याक पाचवीत घालतंय. नाय तर गुरां आसत, धाकटो भाव आसा. घरात काम काय कमी नाय."

वासंती दाराआड उभी होती. तिनं हे सगळं ऐकलं.

त्यानंतर गुरुजी जास्तच पळायला लागले. त्यांनी पालकांची सभा बोलावली, शनिवारी शाळा सुटल्यावर. प्रत्येक मुलाबरोबर निरोप. मी वही-पेन्सिल घेऊन वेळेवर हजर. माझ्याशिवाय एक म्हातारे गृहस्थ आले होते, त्यांना वाटलं होतं रॉकेल वाटणार आहेत. तासभर वाट बघून तेही गेले. गुरुजी पडवीत येरझारा घालत होते.

"लोकांना मुलांची काळजी नाही," मी म्हटलं.

"काळजी आहे, वैनी. मी बोलावण्यात चुकलो. शाळेत बोलावलं. या शाळेत ते लहानपणी एकदा येऊन, हरून गेलेत. पुन्हा कशाला येतील?"

मग ते घरोघर गेले. कोणी कापणीत, कोणी झोडणीत. सरूनं त्यांना खळ्यातच उभं ठेवलं. "गुरुजी, बसलंय तरी माका काय कळतला? पुस्तक उलटा धरल्यान काय सुलटा, ता सुद्धा कळाचा नाय. चेडूच हसात माका." गुरुजींनी मला हे सांगितलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझा दीड तास म्हणजे नुसता वेळ नव्हता. मला हसणार नाही अशी मुलगी आणि मला वाचता येणारं पुस्तक, दोन्ही माझ्याकडे होतं.

आता पुढचं तुम्हाला खोटं वाटेल, पण आईला विचारा. आमच्या गावात तीन-चार वर्षांनी गावपळण होते. ग्रामदेवतेचा कौल झाला की ठरलेल्या दिवशी अख्खा गाव रिकामा करायचा. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी वेशीबाहेर. तीन दिवस गाव देवाचा. त्या काळात कोणी गावात पाऊल टाकायचं नाही. वेशीबाहेर झावळांच्या खोपी बांधून राहायचं आणि चौथ्या दिवशी पुन्हा कौल घेऊन परतायचं. त्या वर्षी मार्गशीर्षात कौल झाला.

गुरुजींचं घर वालावलला. बायको आणि मुलगी तिथे, ते इकडे एका खोलीत राहत आणि शनिवारी एस.टी.नं घरी जात. शाळा बंद म्हणजे त्यांना तीन दिवसांची सुट्टी. पण ते गेले नाहीत. "तीनशे गुणिले तीन," एवढंच म्हणाले आणि स्वतःची वळकटी घेऊन आमच्याबरोबर खाडीपलीकडे आले.

मी माझी यादी केली होती. एकतीस वस्तू. स्टोव्ह, तांदूळ, तापाच्या गोळ्या, सुईदोरा. एकोणतिसावी वस्तू, मांजराची टोपली. वेशीबाहेर पोचल्यावर प्रत्येकीसमोर खूण केली आणि समाधानानं खोपीत बसले. तेवढ्यात गुरुजी आले.

"मंजूचं दप्तर?"

मी यादी पाहिली. दोनदा पाहिली. मंजू कोंबड्यांच्या मागे पळून गेली होती, तिच्या पाठीकडे बघूनच कळत होतं की ही गोष्ट तिला घरून निघतानाच माहीत होती.

गुरुजी खोपीखोपीतून फिरले. सगळीकडे एकच उत्तर, "घराक ऱ्हवला." जिवंत असेल ते सगळं लोकांनी आणलं होतं. खुडूक कोंबडी अंड्यांसकट आणली होती. चव्वेचाळीस मुलांत एकाचंही दप्तर नव्हतं, पाटी नव्हती, आणि तीन दिवस परत जाऊन आणता येणार नव्हती. गुरुजींनी तरी काय आणलं होतं? गजराचं घड्याळ. पुस्तकांची पेटी शाळेतच.

दुसऱ्या सकाळी मी त्यांना पाहिलं तेव्हा ते खाडीच्या पुळणीवर, ओल्या वाळूत, इकडून तिकडे चालत होते. वर खोपीपाशी बाबी मोठमोठ्यानं कालची हकिगत चारचौघांना सांगत होता. त्याचा बैल ढवळो वाटेतल्या व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पाण्याला बिचकला होता. माणसं हसत होती. भात झोडून झालं होतं, घर नव्हतं, गोठा नव्हता, कोणाला काही काम नव्हतं. गुरुजी एकदम थांबले. झावळीचा एक हीर, म्हणजे पात्यातली ताठ काडी, मोडून त्यांनी वासंतीच्या हातात दिला.

"बाबी, हयसर ये. परत सांग. सावकाश. चारच वाक्यां. वासंती, बापूस बोलता तसा लिही."

"वाळवेत?"

"वाळवेत."

बाबीला गंमत वाटली. त्यानं घसा साफ केला. "ढवळो व्हाळ वलांडीना. मी तेका पुढसून ओढलंय. सरून पाठसून ढकललो. मगे तो माज्याच पायावर उभो ऱ्हवलो."

वासंती वाकून लिहीत होती. अक्षरं वीतभर मोठी, वाकडी. गुरुजी तिच्याभोवती फिरत होते, अडली तर एखादं अक्षर पायाच्या अंगठ्यानं काढून दाखवत. बराच वेळ गेला. मग म्हणाले, "आता बापाशीक वाचून दाखव."

बाबी तिच्या समोर बसला, वाळूकडे न बघता तिच्या तोंडाकडे बघत. ती एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचू लागली. "ढवळो... व्हाळ... वलांडीना." बाबीनं मान हलवली. दुसरं झालं. तिसरं झालं. "मगे तो... उभो ऱ्हवलो."

"खंय?" बाबी ओरडला. "पायावर खंय गेला? माज्या पायावर! थंय तर माजो आंगठो मोडलो, आणि तोच गाळतंस?"

सगळी पुळण हसली. वासंतीनं खाली पाहिलं. खरंच, ते दोन शब्द तिनं लिहिलेच नव्हते.

गुरुजी हसले नव्हते. ते बाबीच्या अगदी जवळ गेले. "बाबी, तुका अक्षर येणा नाय म्हणालंस ना?"

"नाय येणा."

"मगे ही चूक कोणी पकडल्यान?"

बाबी वळून वाळूकडे बघायला लागला, जणू तिथे काहीतरी त्याचं स्वतःचं पडलं होतं.

त्यानंतर जे झालं त्याला मी शाळा म्हणणार नाही. गुरुजी खोपीखोपीतून आया-बापांना हाताला धरून खाली आणत होते. "चार वाक्यां सांग. तुज्या मनातली. मगे आयक." सरूनं तिरफळं घालून बांगड्याची आमटी कशी करायची ते सांगितलं. वासंतीनं तिरफळं विसरल्यावर ती म्हणाली, "काढ भायर ती आमटी, कुत्रो पण खावचो नाय!" त्या म्हाताऱ्या रॉकेलवाल्या आजोबांनी नातवाला आपल्या लग्नाची वरात सांगितली. मी मात्र बोलले, "गुरुजी, ही भाषा पुस्तकातली नाही." ते म्हणाले, "पुस्तकं घरी राहिलीत, वैनी. पुस्तक सापडेपर्यंत आईबाप वापरू." आणि पळाले. दुपारी भरती यायची आणि सगळं पुसून न्यायची, म्हणून घाई. "पाणी इला! वाचा, वाचा, मिनिट गेला!" अर्ध्या ओळी खाडीत गेल्या. ओहोटीला पुन्हा नवी वाळू. त्या तीन दिवसांत मंजूनं माझ्याकडून चार वाक्यं घेतली, आणि पहिल्यांदाच मला वही हातात न घेता तिचं ऐकावं लागलं. ते मला जड गेलं. मी पुन्हा पुन्हा वाळूकडे बघत होते आणि गुरुजी माझी मान वर करत होते.

चौथ्या दिवशी कौल झाला, आम्ही घरी आलो. दप्तरं जागच्या जागी होती.

सगळ्यांनी पुढे चालू ठेवलं असं मुळीच नाही. निम्म्या घरांत आठवड्याभरात ते विसरलं गेलं. बाबीच्या घरात मात्र रोज दिवेलागणीला चार वाक्यं. सरू भाकऱ्या थापता थापता सांगे, बाबी सुंभ वळता वळता. शनिवारी वासंती वही घेऊन गुरुजींकडे. ते उभ्या उभ्या वाचत, कधी हसत, आणि शेजारी तीच वाक्यं पुस्तकी मराठीत लिहून देत.

परीक्षेच्या आठवड्यात बाबी शाळेत आला. हातात भावाचं नवं अंतर्देशीय, न फोडलेलं. मला त्यानंच बोलावलं होतं, साक्षीदार म्हणून. वासंतीनं कडा फाडल्या, कागद उलगडला. भावाचं अक्षर बारीक आणि चिकटून. पहिल्या ओळीवरच ती थांबली. घड्याळाचा आवाज मला ऐकू येत होता. ती पुढे सरकली. मधे एका शब्दाशी पुन्हा अडली, आणि गुरुजींचे ओठ हलले.

बाबीनं हात वर केला. "गुरुजी, तुमी गप ऱ्हवा. ही माजी सात मिन्टां आसत."

गुरुजी गप्प बसले. म्हणजे उभेच, पण हलले नाहीत. ती कितीतरी वेळ वाचत होती, सातापेक्षा खूप जास्त. दोन शब्द तिला लागले नाहीत, ते तिनं सोडले नाहीत, "ह्या येणा नाय" असं सांगून पुढे गेली. भाऊ मे महिन्यात येणार होता आणि या वेळी तरी बैलगाडी आण, असं त्यानं लिहिलं होतं.

बाबीनं पत्राची घडी घालून टोपीत ठेवली. मग विचारलं, "आचऱ्याक नाव घालूचा तर कागद काय काय लागतत?"

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण मी तुम्हाला अर्धंच सांगणार नाही.

निकालाच्या दिवशी गुरुजींना वालावलहून बायकोचं कार्ड आलं. मी पडवीत होते. त्यांनी ते चालता चालता वाचलं, आणि मग पायरीवर बसले. पहिलीतली दोन मुलं धावत जाऊन इतरांना सांगून आली की गुरुजी बसले. त्यांची मुलगी शैला पाचवीत नापास झाली होती.

"चव्वेचाळीस मुलांना वाटून दिली," ते म्हणाले. "पंचेचाळिसावी पटावर नव्हती, वैनी. रविवारी घरी जायचो तो झोपायला."

बोलली ती सरू, गावात, सगळ्यांदेखत: "आमका सांगीत होतो, पोरांच्या बाजूक बसा. आपल्या चेडवाक इसारलो!" ती रागानं बोलत होती आणि रडतही होती, कारण तोवर गुरुजींनी वालावलला बदलीसाठी अर्ज केल्याचं गावात कळलं होतं. पुष्कळांना वाटलं की त्यांनी आपल्याला मधेच सोडलं. मलाही वाटलं. मंजूची सात मिनिटं त्यांनी घेतली तेव्हा आला होता तसलाच राग मला पुन्हा आला, आणि या वेळीही बाजू त्यांचीच बरोबर होती.

जूनमध्ये ते गेले. त्यांची ट्रंक बाबीनं बैलगाडीतून फाट्यावर आणली, ढवळ्याच्याच. वासंती आली होती, नव्या शाळेचा गणवेश घालून, उगीचच, कारण शाळा सुरू व्हायला दोन दिवस होते. एस.टी. जवळजवळ रिकामी. कंडक्टर म्हणाला, "मास्तर, बसा हो, अख्खी गाडी मोकळी आसा." गुरुजी म्हणाले, "बसतंय, बसतंय," आणि पुढच्या दाराशी दांडा धरून उभे राहिले. दुसऱ्या हातात घड्याळ. वळणापर्यंत ते खिडक्यांतून उभेच दिसत होते.

दिवाळीत मला एक पोस्टकार्ड आलं. अक्षर लहान मुलीचं. "वैनींस नमस्कार. येथे सर्व कुशल. शाळेत अजून एक शिक्षक आहेत, त्यामुळे मिनिटे जास्त येतात. बाबी सांगतो का ते कळवावे." चार वाक्यं. त्याखाली, पेन्सिलीनं, पाचवं: "हे बाबांनी सांगितलेले नाही, बाबा आता रोज माझ्यासमोर बसतात."

त्यानंतर माझी त्यांची भेट झाली नाही. वासंती दहावी झाली, दुसऱ्या खेपेला. ती आता कणकवलीला असते. सरू आधी गेली, मग बाबी. शाळेच्या चौकटीवर पुढे रंग दिला, तो हिशेब त्याखाली असेल किंवा नसेल. मंजूनं माझी वाक्यं लिहिलेल्या वह्या माझ्या नीटनेटकेपणानं रद्दीत घातल्या, दर जूनला, न चुकता. त्याचं मला वाईट वाटतं.

वासंतीकडे दोन शंभरपानी वह्या आहेत. त्यांत बाबी आणि सरू जसे बोलत तसेच्या तसे आहेत. पोस्टकार्ड माझ्या कपाटात, वरच्या कप्प्यात, डाव्या बाजूला आहे. आणि तुमच्याकडे रोज जेवणाआधी दहा मिनिटं आहेत.

तुमची,
आजी